नायगावकडे, पण नायगावला नाही

चर्चगेटहून संध्याकाळची गाडी पकडताना एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "ही नायगावला जाते का?" समजा ती भाईंदर लोकल आहे. मग उत्तर "नाही" असंच द्यावं लागतं. पण कोणी विचारलं, "ही नायगावकडे जाते का?" तर? तर उत्तर चक्क "हो" आहे. गाडी त्याच दिशेने जाते, फक्त खाडीच्या अलीकडे थांबते. माझं गाव उमेळे, उतरायचं नायगावला, त्यामुळे 'ला' आणि 'कडे' यांतला फरक मी व्याकरणाच्या पुस्तकात नाही, भाईंदरच्या फलाटावर शिकले.

या ब्लॉगवर मी माझ्या संशोधनातले तुकडे सोप्या भाषेत सांगत असते. नवीन वाचकांसाठी: मी एम.एस्सी. केलं भौतिकशास्त्रात, पण पीएच.डी.साठी वळले भाषेकडे. भाषा दिशा आणि हालचाल कशी सांगतात, हा माझा विषय. आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे. त्यात जपानी भाषेतली दोन-तीन इवलीशी अव्ययं आहेत, चारशे वर्षांपूर्वीचं एक व्याकरण आहे, आणि वसईत जन्मलेला एक दुभाषा आहे.

आधी अव्ययं बघू.

जपानी वाक्याची ठेवण आपल्यासारखीच. क्रियापद शेवटी, आणि नामाचं नातं सांगणारा शब्द नामाच्या मागे. इंग्रजी किंवा पोर्तुगीज माणूस 'ला' आधी म्हणतो आणि 'मुंबई' नंतर. आपण आणि जपानी लोक 'मुंबई' आधी म्हणतो आणि 'ला' मागून चिकटवतो. हालचालीसाठी जपानीत मुख्य चिकटे पाच: 'ए', 'नि', 'ओ', 'कारा' आणि 'मादे'.

शेवटचे दोन सोपे. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. वसई कारा, विरार मादे. झालं.

'नि' म्हणजे जिथे पोचायचं तो बिंदू. आपला 'ला'. 'ए' म्हणजे दिशा, रोख. आपला 'कडे'. लिहिताना हा 'ए' आजही 'हे' या अक्षराने लिहितात आणि वाचताना 'ए' वाचतात, कारण उच्चार काळाबरोबर घासत गेला आणि लिपी जागची हलली नाही. या 'हे'चं मूळ 'बाजू, आसपासचा भाग' अशा अर्थाच्या जुन्या नामात आहे, असं मानलं जातं. आता आपल्या 'कडे'कडे बघा. त्याच्या आत 'कड' बसली आहे, म्हणजे बाजूच! दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी दोघींनी दिशा दाखवायला 'बाजू' हाच शब्द झिजवून वापरला.

राहिला 'ओ'. हा एरवी कर्माला लागतो. पण नदी ओलांडली, पुलावरून गेलो, रस्त्याने चाललो, की त्या नदीला, पुलाला, रस्त्यालाही 'ओ' लागतो. म्हणजे हा वाटेचा प्रत्यय. भाईंदर सोडल्यावर गाडी खाडी ओलांडते, तेव्हा 'खाडी'ला जपानीत 'ओ' लागेल. मराठीत आपण तिथे काहीच लावत नाही, नुसतं 'खाडी ओलांडते' म्हणतो. पण कर्माच्या जागीच बसवतो, हे लक्षात घ्या.

माझ्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे फार आवडतं. 'नि' हा बिंदू, 'ए' हा सदिश, 'ओ' हा मार्ग. गणितात या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि भाषेने त्या एकेका अक्षरात मावल्या आहेत.

आता लगेच एक इशारा. बोलीभाषेतल्या आजच्या जपानीत 'तोक्यो नि जातो' आणि 'तोक्यो ए जातो' यांत बहुतेक वेळा फारसा फरक उरलेला नाही. फरक दिसतो तो कोपऱ्यात. 'तोक्योकडची गाडी' असं म्हणायचं असेल तर 'ए'च्या पुढे संबंधाचा 'नो' लागतो, 'नि'च्या पुढे लागत नाही. मराठीत करून बघा. 'मुंबईकडची गाडी' म्हणता येतं. 'मुंबईलाची गाडी' म्हणता येतं का? जीभच अडते. ही जुळणी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसले होते.

आता चारशे वर्षं मागे जाऊ.

१६०४ ते १६०८ या काळात नागासाकीत एक जाडजूड पुस्तक छापलं गेलं: 'आर्ते दा लिंगोआ दे इयापाम', म्हणजे जपानी भाषेचं व्याकरण. लेखक जोआंव रॉद्रिगेस, पोर्तुगीज जेझुइट. १५७७ मध्ये पोरवयात तो जपानला पोचला आणि तिथली भाषा इतकी पक्की शिकला की त्याचं टोपणनावच 'त्सूजी', म्हणजे दुभाषा, असं पडलं. १५९१ मध्ये जेझुइटांचा वरिष्ठ वालिन्यानो हिदेयोशीला भेटला तेव्हा भाषांतर याचंच होतं. हिदेयोशी म्हणजे त्या वेळचा जपानचा सर्वेसर्वा. जेझुइटांचा तो छापखानाही युरोपातून गोव्यामार्गे जपानला गेला होता. वाटेत १५८८ मध्ये गोव्यात त्यावर एक जपानी तरुणाचं लॅटिन भाषण छापलंही गेलं.

रॉद्रिगेसची अडचण ओळखीची आहे. त्याच्या हातात साचा होता लॅटिनचा: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया असा. जपानी नामं तर बदलतच नाहीत, मागे नुसते चिकटे लागतात. मग त्याने ते चिकटे लॅटिन विभक्तींच्या खणांत वाटून टाकले. 'नि' आणि 'ए' चतुर्थीच्या खणात गेले, 'ओ' द्वितीयेच्या. हसू नका. आपणही तेच केलं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, तेव्हापासून शाळेत आपण संस्कृतच्या साच्यातल्या विभक्ती घोकतो. त्यात 'ला' द्वितीयेतही आहे आणि चतुर्थीतही, आणि 'कडे' बिचारा विभक्तीबाहेर, शब्दयोगी अव्ययांच्या रांगेत उभा. 'मुंबईला जातो' आणि 'मुंबईकडे जातो' ही सख्खी भावंडं, पण पुस्तकात ती दोन वेगळ्या धड्यांत राहतात.

पण रॉद्रिगेसने एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी मी त्याला शंभर गुन्हे माफ करीन. त्याने बोलींची दखल घेतली. राजधानी मियाको, म्हणजे आजचं क्योतो, तिथल्या दरबारी लोकांची भाषा त्याला सर्वात शुद्ध वाटे, आणि बाकीच्या बोली त्या मानाने सदोष. पण सदोष म्हणून का होईना, त्याने त्या लिहून ठेवल्या. त्यात एक म्हण आहे: 'क्यो ए, त्सुकुशी नि, बांदो सा'. म्हणजे राजधानीत लोक 'ए' म्हणतात, त्सुकुशीत (क्यूशू बेटाच्या उत्तर भागात) 'नि' म्हणतात, आणि पूर्वेकडच्या बांदोत (आजच्या तोक्योच्या आसपास) 'सा' म्हणतात. "कुठे निघालास?" एवढं विचारलं की माणूस कुठला ते कळायचं! हा 'सा' ईशान्य जपानच्या बोलींत आजही जिवंत आहे. तिथली म्हातारी माणसं तोक्योला जायचं असेल तर 'तोक्यो सा' म्हणतात.

मराठीत अशी म्हण माझ्या ऐकण्यात नाही, पण ती सहज बनेल. पुणेकर गावाला जातो, वऱ्हाडी आणि खानदेशी माणूस गावाले जातो, मालवणी माणूस गावाक जातो. पुण्याला, नागपूरले, मालवणाक. झाली म्हण तयार.

गंमत पुढेच आहे. हीच म्हण रॉद्रिगेसच्या शंभरेक वर्षं आधी एका जपानी रोजनिशीत सापडते. सांजोनिशी सानेताका नावाचा क्योतोचा दरबारी सरदार होता. १४९६ मध्ये त्याने सोगि या प्रसिद्ध कवीच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट टिपून ठेवली. पण त्याच्याकडे राजधानीत 'नि' आहे आणि त्सुकुशीत 'ए'. अगदी उलट! फक्त 'सा' दोघांकडे जागच्या जागी.

कोण बरोबर? माझं मत असं, की प्रश्नच थोडा चुकतोय. त्या काळी जेझुइटांनी रोमन लिपीत छापलेली जपानी पुस्तकं बघितली तर एकाच पुस्तकात 'ए'ही मिळतो आणि 'नि'ही. म्हण हे मोजमाप नसतं, ते व्यंगचित्र असतं. त्यात नाक मोठं काढतात. 'सा' राजधानीच्या कानाला खरोखर परका होता, म्हणून तो दोन्ही चित्रांत तसाच राहिला. 'ए' आणि 'नि' दोन्हीकडे चालत होते, म्हणून त्यांची अदलाबदल झाली तरी म्हण म्हणून ती चालून गेली. विज्ञानात आपण म्हणतो ना, दोन मापनं जुळली नाहीत की आधी उपकरण तपासा. इथे उपकरण आहे माणसाचा कान, आणि तो शेजाऱ्याच्या बोलीबाबत कधीच तटस्थ नसतो.

आता वसईकडे येऊ. किंवा वसईला.

आमच्या शेजारच्या काकींच्या भिंतीवर एक चित्र होतं: क्रूसावरचा एक तरुण, अंगात फ्रान्सिस्कनांचा झगा. "हा आपला गोन्सालो. वसईचा. जपानला गेला नि तिथलाच झाला," असं त्या सांगत. "जपानी असा बोलायचा की जपानी लोक बघत राहायचे." लहानपणी मला संतपदापेक्षा ही दुसरी गोष्टच भारी वाटायची. आमच्या खाडीकाठचा मुलगा, आणि फाडफाड जपानी!

गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांकडे यायची होती, त्यामधला हा काळ. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या हाताखाली तो शिकला. सोळा वर्षांच्या आत-बाहेर असताना पाद्री सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं, भाषा उचलली. पुढे ते सोडून व्यापारात पडला, मनिलाला गेला, आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन पाद्र्याला वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठवलं, तेव्हा दुभाषा म्हणून गेला तो आमचा गोन्सालो.

इथे थोडं थांबा, कारण प्रत्ययांचा प्रश्न इथे जीवावरचा होतो.

हिदेयोशीने मनिलाकडे अधीनता मागितली होती. मनिलाला ती द्यायची नव्हती, पण त्याला दुखवायचंही नव्हतं. अशा वेळी वकिलाने नेलेल्या वस्तू काय असतात? मनिलाच्या बाजूने बघितलं तर भेट. दरबाराच्या बाजूने बघितलं तर नजराणा, नाहीतर सरळ खंडणी. वस्तू तीच, दिशा वेगळी. आणि जपानी भाषा ही दिशा लपवू देत नाही. देण्याघेण्याच्या क्रियापदांतच कोण वर, कोण खाली हे ठरलेलं असतं: खालून वर दिलं तर एक क्रियापद, वरून खाली दिलं तर दुसरं. राजधानीकडे जाण्याला 'चढणं' म्हणत, तिथून निघण्याला 'उतरणं'. आजही जपानी रेल्वेत तोक्योकडे जाणारी गाडी 'चढती' आणि तिथून निघालेली 'उतरती' असते. हसण्याआधी आठवा, आपल्याही रेल्वेच्या भाषेत चर्चगेटकडे जाणारी लोकल 'अप' आणि विरारकडे येणारी 'डाऊन' आहे.

म्हणजे दुभाषाला 'दिलं' असं नुसतं म्हणताच येत नाही. त्याला दर वाक्यात बाजू घ्यावी लागते.

मग गोन्सालोचं जपानी कसं होतं? काकींचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. पण संशोधक म्हणून मला विचारावं लागतं, की कोण सांगतंय? १५८५ च्या पोपच्या आज्ञेने जपानचं धर्मकार्य एकट्या जेझुइटांना दिलं होतं. फ्रान्सिस्कन तिथे आले याचा त्यांना राग होता. त्यामुळे फ्रान्सिस्कनांनी केलेलं आपल्या दुभाषाचं कौतुक आणि जेझुइटांनी फ्रान्सिस्कनांवर केलेली टीका, दोन्ही भांडणातल्या साक्षी आहेत. पुन्हा तेच: शेजाऱ्याबद्दल कान तटस्थ नसतो.

तरी एक गोष्ट मी माझ्या जबाबदारीवर म्हणते. गोन्सालोच्या घरात दोन भाषा होत्या असं धरलं, तर वडिलांच्या भाषेत 'ला' नामाच्या आधी येतो आणि आईच्या भाषेत नंतर. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाच्या मागे चिकटा, 'घेऊन ये' आणि 'घेऊन जा' अशी जोडक्रियापदं, हे सगळं जपानीत जसंच्या तसं आहे. लिस्बनहून आलेल्या पोराला जे उलटं घालून शिकावं लागलं, ते वसईच्या पोराला आईच्या बोलण्यातून आधीच सवयीचं होतं. त्याचं जपानी किती शुद्ध होतं याचा हा पुरावा नाही. पण तो लवकर शिकला असं सांगतात, त्यात चमत्कार शोधायची गरज पडत नाही, एवढं यातून नक्की कळतं. आणि त्याचं श्रेय, माझ्या मते, जिचं नावही चरित्रात सहसा येत नाही त्या आईकडे जातं.

शेवट तुम्हाला कदाचित माहीत असेल. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलं. माल जप्त झाला, संशय वाढला, आणि डिसेंबरात फ्रान्सिस्कनांना अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांना क्योतोत फिरवण्यात आलं आणि तिथून नागासाकीकडे चालवत नेलं. कडाक्याच्या थंडीत महिनाभर चाल. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांत वीस जपानी होते, सहा परदेशी फ्रान्सिस्कन. त्या सहांत एक गोन्सालो, वय चाळीसच्या आसपास. १६२७ मध्ये तो धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला संत.

त्या वाटेचा नकाशा मी एकदा कागदावर काढला. क्योतो, ओसाका, मग समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेला, खाडी ओलांडून क्यूशू, हाकाता, कारात्सु, आणि शेवटी नागासाकी. म्हणजे रॉद्रिगेसच्या म्हणीतल्या 'ए'च्या मुलखातून 'नि'च्या मुलखापर्यंत. दिशेच्या प्रदेशातून पोचण्याच्या प्रदेशात. हा योगायोग आहे, पुरावा नाही, हे मला कळतं. तरी तो नकाशा मी टेबलावरून काढलेला नाही.

आणि एक. त्या टेकडीवर मरणाऱ्यांना धीर द्यायला दोन जेझुइट पाद्र्यांना परवानगी मिळाली होती. समकालीन वृत्तांतात त्यांची नावं येतात, पासिओ आणि रॉद्रिगेस. हा रॉद्रिगेस म्हणजे आपला 'त्सूजी'च, असं त्याचा चरित्रकार मानतो. म्हणजे एकमेकांविरुद्धच्या दोन पंथांचे दोन दुभाषे त्या सकाळी एकाच टेकडीवर होते. एक वाचला आणि सात वर्षांनी त्याचं व्याकरण छापखान्यात गेलं. दुसऱ्याने व्याकरण लिहिलं नाही. त्याची भाषा त्याच्याबरोबर गेली.

म्हणून मी बोलींचे प्रत्यय गोळा करते. शाळेत असताना माझ्या आजीच्या बोलीतलं शब्दाचं शेपूट मी वहीत लिहिलं, तर बाईंनी लाल पेनने ते कापून वर 'ला' लिहिला होता. तेव्हापासून मी घरीसुद्धा 'ला' म्हणू लागले. आजी गेली, आणि ती कुठे काय लावायची हे आता मला नीट आठवत नाही. रॉद्रिगेसने निदान 'सदोष' म्हणून तरी लिहून ठेवलं. आम्ही तेही केलं नाही.

तेव्हा एक विनंती. आज घरी सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "कुठे निघालात?" उत्तरात बाजार, शेत, चर्च, देऊळ, स्टेशन, काहीही येऊ दे. त्या शब्दाच्या मागे काय चिकटलंय तेवढं ऐका, आणि गावाच्या नावासकट मला कळवा. दुरुस्त करू नका. जसं ऐकलं तसं.